लाकडी शेडभोवती खडीची वाट : फळ्यांखालची फट झाकायची का?

प्रश्न : बागेत आमची एक छोटी शेड आहे, बाहेरून आडव्या लाकडी फळ्या मारलेल्या. पावसात चारही बाजूंनी चिखल होतो आणि खालच्या दोन फळ्या काळ्या पडायला लागल्यात. म्हणून भोवती मीटरभर रुंद वाट करायचीय. खाली प्लास्टिक, वर गोल गोटे, आणि फळ्यांखाली जी फट दिसते ती पण गोट्यांनीच भरून टाकू म्हणतोय. चालेल ना?

उत्तर : वाट जरूर करा, पण ती फट मात्र अजिबात भरू नका, तुमची शेड त्या फटीमुळेच टिकलीय! खालच्या फळ्या खराब होतात त्या मुख्यतः जमिनीवर आपटून उडणाऱ्या पाण्याने. पागोळ्या चिखलात पडतात, शिंतोडे फळीवर बसतात आणि खालची कड वाळतच नाही. खडीवर तोच थेंब दगडांमधे फुटून खाली उतरतो, म्हणून शिंतोडे कमी. तरीसुद्धा खडीच्या वरच्या थरापासून फळीच्या कडेपर्यंत साधारण 15 सेंमी मोकळं हवंच. खडी फळीला टेकली की लाकूड सतत ओलं, शेडच्या तळाखालून वारा खेळायचा बंद, आणि वाळवी लागली तर तिच्या मातीच्या नळ्या चढताना दिसणार पण नाहीत.

आत्ता फट कमी असेल तर वाट वर चढवू नका, खाली खणा. 15 सेंमी, आणि फट जितकी कमी पडते तितकं आणखी खोल खणलं की 10 सेंमीचा मोठ्या खडीचा थर धुम्मस करून घट्ट बसवायचा आणि वर 5 सेंमी बारीक खडी. शेडच्या पायाच्या तळाखाली मात्र खणू नका.

आता उतार, इथे बहुतेकजण फसतात. वरून खडी छान उतरती दिसते पण पाणी वरून वाहतच नाही, ते खडीतून गाळून खणलेल्या मातीवर जातं आणि तिथून वाट काढतं, त्यामुळे उतार त्या तळालाच द्यायचा, शेडपासून बाहेर, मीटरला दीड-दोन सेंमी. तळ शेडकडे उतरता राहिला तर तुम्ही स्वतःच्या हाताने पाणी पायाशी नेऊन सोडताय.

प्लास्टिक नको, त्यावर पाणी साचतं. त्याऐवजी पाणी झिरपणारं जिओटेक्स्टाइल कापड मातीवर अंथरा, जोडावर 30 सेंमी एकावर एक. गोल गोटे पायाखाली सरकतात, ढकलगाडीचं चाक रुततं. चालायच्या वाटेला 10 ते 20 एमएमची फोडलेली, कोनेदार, धुतलेली खडी घ्या, धुतलेली यासाठी की दगडाची भुकटी ओल धरून ठेवते. गोटे आवडत असतील तर फक्त पागोळ्यांच्या पट्ट्यात टाका. बाहेरच्या बाजूला कड मात्र लावाच, नाहीतर खडी हळूहळू बागेत पसरते. वरच्या थराला दर 10 मीटर लांबीला अर्धा घनमीटर खडी लागेल, म्हणजे अंदाजे 800 किलो.

आणि वाट करायच्या आधी त्या काळ्या फळ्या स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. सहज आत घुसला तर लाकूड कुजलंय, तेवढ्या फळ्या बदला. टणक असतील तर घासून, पूर्ण वाळवून तेल द्या, आणि कापलेल्या टोकांना दोनदा द्या, लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथूनच पितं.