सर्टिफिकेट नाही म्हणून लेकराची थेरपी अडवता येत नाही

प्रश्न (थोडक्यात): मॅडम, माझा मुलगा ३ वर्षं २ महिन्यांचा आहे. आई, पाणी एवढंसुद्धा बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. शहरातल्या डॉक्टरांनी डेव्हलपमेंटल डिले आहे, ऑटिझमची लक्षणं वाटतात असं लिहून दिलं आणि स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या हालचाली आणि कामं शिकवणारी थेरपी) लगेच चालू करा म्हणाले. प्रायव्हेटचा खर्च झेपत नाही, मिस्टर दुकानात कामाला आहेत. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेले तर काउंटरवरूनच परत पाठवलं, म्हणे ५ वर्षांचा होऊ दे, सर्टिफिकेट काढा, मग बघू, आणि स्पीचवाल्या मॅडमची पोस्ट रिकामी आहे. नर्सरीवाले म्हणतात तुमच्या खर्चाने शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्यासोबत बसणारी मदतनीस बाई) आणा नाहीतर मुलाला घेऊन जा. सासूबाई म्हणतात पोरगे उशिरा बोलतात, कशाला कागदावर शिक्का मारून घेता, आणि मिस्टरांना पण तसंच वाटायला लागलंय. आमच्यासाठी कायद्यात काही आहे का?

उत्तर:

ताई, आहे, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरंच जास्त आहे. पण आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या कारण तुमचं सगळं घोडं तिथेच अडलंय. थेरपी वेगळी आणि दिव्यांग सर्टिफिकेट वेगळं. काउंटरवरच्या माणसाने दोन्ही एकत्र करून सांगितलं आणि तुम्ही घरी परत आलात. असं खूप आईबापांचं होतं, आणि त्यात लेकराची दोन दोन वर्षं जातात, तीही अशा वयातली की जेव्हा मेंदू सगळ्यात पटापट शिकत असतो. म्हणून तर डॉक्टर 'लगेच' म्हणाले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणजे आरबीएसके हा २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार, तेही मोफत. यात ज्या चार गोष्टी बघतात त्या म्हणजे जन्मजात दोष, शरीरातल्या कमतरता, आजार आणि चौथी, वाढीत होणारा उशीर, म्हणजे तुमच्या मुलाचं जे आहे तेच. आरबीएसकेची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्यांना मुलात काही वाटलं तर ते डीईआयसीला पाठवतात. डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, बहुतेक ठिकाणी जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच असतं. आता बघा, या केंद्राचं कामच मुळी लहान मुलांना लवकर पकडून लवकर उपचार देण्याचं आहे, मग तिथे ५ वर्षांची वाट बघा हे कसं चालेल? डीईआयसीत थेरपी मिळायला दिव्यांग सर्टिफिकेट लागत नाही. रेफरलची चिठ्ठी आणि मूल्यांकन, बस. मला शंका अशी आहे की तुम्ही नेहमीच्या ओपीडीच्या किंवा सर्टिफिकेटच्या खिडकीवर गेलात आणि डीईआयसीपर्यंत पोचलाच नाहीत. पुढच्या वेळी थेट डीईआयसी कुठे आहे ते विचारा, तिथल्या मॅनेजरना भेटा. जायच्या आधी अंगणवाडी ताईंकडून किंवा आरबीएसकेच्या डॉक्टरांकडून रेफरल घेऊन ठेवलं तर उत्तम.

आणि तोंडी काही बोलू नका. म्हणजे बोला, चांगलं बोला, पण हातात कागद द्या. जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावाने साध्या कागदावर अर्ज करा, वकिली भाषा नको, एवढंच लिहा:

"माझा मुलगा, वय ३ वर्षे २ महिने. डॉक्टरांनी त्याच्या विकासात विलंब असल्याचे निदान केले आहे, कागदाची प्रत जोडली आहे. आरबीएसके अंतर्गत डीईआयसीमध्ये त्याचे मूल्यांकन करून स्पीच थेरपी व ऑक्युपेशनल थेरपी सुरू करावी ही विनंती. आपल्याकडे स्पीच थेरपिस्ट उपलब्ध नसल्यास त्याला कोणत्या केंद्रात पाठवणार आहात व तोपर्यंत काय व्यवस्था करणार आहात हे लेखी कळवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २५ व २७ अन्वये हा अर्ज करीत आहे."

याच्या दोन प्रती घ्या. आवक विभागात एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. "ठेवून जा, साहेबांना देतो" म्हणाले तरी शिक्क्याशिवाय हलू नका, आणि अगदीच नाही दिला तर तोच अर्ज पोस्टाने रजिस्टर एडी करा. शिक्का मारलेली ती दुसरी प्रत म्हणजे उद्या तुमची केस, कारण काउंटरवर कोण काय बोललं हे नंतर कुणीच कबूल करत नाही.

कलम २५ मध्ये काय आहे ते पण सांगते म्हणजे बोलताना तुम्हाला बळ येईल. त्यात सरकार आणि स्थानिक संस्थांनी मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करायची असं स्पष्ट म्हटलंय, कुणाला धोका आहे ते लवकर कळावं म्हणून. दिव्यांगांना घराच्या जवळ मोफत उपचार, विशेषतः ग्रामीण भागात, हे पण त्यातच आहे, त्याला उत्पन्नाची अट लावता येते. कलम २७ पुनर्वसनाचं आहे पण तिथे "आर्थिक क्षमतेनुसार" असे शब्द आहेत, म्हणजे सरकारला पळवाट आहे हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणूनच अर्जात "द्याच" एवढंच न म्हणता "नसेल तर कुठे पाठवता ते सांगा" असं लिहायचं, त्याला पैसे नाहीत हे उत्तर देता येत नाही.

रिकाम्या पोस्टसाठी माहिती अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे, तर गोष्ट लिहीत बसू नका, फक्त विचारा: डीईआयसीत स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कोणत्या तारखेपासून, आणि या काळात किती मुलांना बाहेर रेफर केलं. हे उत्तर एकट्या तुमच्या कामाचं नाही, त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक अशा आईच्या कामाचं आहे. माझी कळकळीची विनंती आहे की आणखी दोन-चार पालक गाठा आणि सगळे मिळून अर्ज करा, एकट्या बाईला परत पाठवणं सोपं असतं.

तोपर्यंत मुलगा घरी बसवू नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग या वाचा-श्रवणाच्या राष्ट्रीय संस्थेत ० ते ६ वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारचं अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर आहे, विदर्भातल्यांना नागपूरचं सीआरसी, म्हणजे केंद्र सरकारचंच दिव्यांगांसाठीचं केंद्र, जवळ पडतं. रोज जाणं शक्य नाही हे मला कळतंय, पण एकदा नीट मूल्यांकन करून घरी काय काय करायचं हे त्यांच्याकडून शिकून आलात तरी खूप फरक पडतो. एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट आणि लेकराला ५ च्या आत तिकीटच नाही. कानाची तपासणी झाली नसेल तर ती आधी, डॉक्टरांना नक्की विचारा.

आता सर्टिफिकेट. ५ वर्षं थांबा हे इथेही खरं नाही. केंद्र सरकारच्या मूल्यांकनाच्या गाईडलाइन्सप्रमाणे बौद्धिक विकासाच्या बाबतीत १ वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला सर्टिफिकेट देता येतं, ५ वर्षांपर्यंत निदान 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले' असं लिहितात आणि ते सर्टिफिकेट तात्पुरतं असतं. बहुतेक यातूनच तो "५ वर्षांनी या"वाला गैरसमज आला असावा. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, आधार लागतं, नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर ३ महिन्यांत निर्णय द्यायचा आहे. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे.

हे तात्पुरतं असतं हेच मिस्टरांना आणि सासूबाईंना समजावून सांगा. शिक्का आयुष्यभराचा नाही, मुदत संपली की पुन्हा तपासणी, मुलगा सुधारला तर दिव्यांगत्वाचे टक्के कमी होतील किंवा सर्टिफिकेटची गरजच राहणार नाही. सासूबाईंवर चिडू नका, त्यांनी घरात उशिरा बोलणारी पोरं बघितली असतील आणि त्यांना नातवाची काळजीच आहे. त्यांना एवढंच म्हणा, की आई, सर्टिफिकेटचं नंतर ठरवू, थेरपी आजपासून करू. उद्या तो आपोआप बोलायला लागला तर थेरपीने त्याचं काही वाईट तर होणार नाही ना? आणि जमलं तर मिस्टरांना मूल्यांकनाच्या दिवशी सोबत न्या, अर्धा दिवस खाडा पडला तरी चालेल. डॉक्टर समोर बसून मुलाशी खेळत खेळत काय बघतात हे बापाने स्वतःच्या डोळ्याने बघितलं की घरातली निम्मी भांडणं संपतात, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

सर्टिफिकेटवर दिव्यांगत्वाचे टक्के लिहितात, त्यातल्या ४० टक्क्यांचं पण सांगते. ४० टक्के किंवा जास्त असेल तर आरक्षण, काही योजना, कलम ३१ खाली ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षण हे मिळतं. पण भेदभाव करायचा नाही आणि मुलाला लागेल ती वाजवी सोय करून द्यायची, हा हक्क ४० टक्क्यांच्या खाली असला तरी आहे. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या २०२१ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, तिथे मुद्दा परीक्षेत लेखनिक देण्याचा होता पण तत्त्व तेच.

नर्सरीचं थोडं गुंतागुंतीचं आहे. ती नर्सरी मान्यताप्राप्त शाळेचा भाग असेल तर कलम १६ सरळ लागू होतं: भेदभाव न करता प्रवेश, वाजवी सोय, मुलाला गरजेप्रमाणे मदत. बंगल्यात चालवलेली सुटी नर्सरी असेल तर तिला सहसा सरकारी मान्यताच नसते, मग कलम १६ तितकं हातात येत नाही, पण कलम ३ मधली भेदभावाची मनाई आहेच आणि खासगी संस्था, ट्रस्ट हे सगळे या कायद्याच्या व्याख्येत येतात. तर आधी शाळेला मान्यता आहे का ते बघा. मग मुख्याध्यापकांना ईमेल किंवा पत्र द्या, की शॅडो टीचर आमच्या खर्चाने आणण्याची अट तुम्ही कोणत्या नियमाखाली घालताय आणि शाळेकडून तुम्ही काय मदत करणार आहात ते लेखी कळवा. निम्म्या शाळा इथेच नरमतात, कारण "घेऊन जा" हे तोंडाने म्हणणं सोपं आणि लेटरहेडवर लिहिणं अवघड. कायदा मोडला तर कलम ८९ मध्ये पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत आणि पुन्हा मोडला तर ५०,००० ते ५ लाख दंड आहे, पण पहिल्याच पत्रात दंडाची भाषा करू नका. त्या वर्गात तुमचं लेकरू दिवसाचे तीन तास तुमच्याशिवाय बसणार आहे, बाईंशी बिघडवून त्याचंच नुकसान.

आणि खरं विचाराल तर ज्या नर्सरीला तो नकोसाच आहे तिथे हट्टाने ठेवण्यापेक्षा मी अंगणवाडीचा विचार करेन. नाक मुरडू नका. दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीचा वेगळा प्रोटोकॉल केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलाय, त्यात अशी मुलं ओळखणं, त्यांना बाकीच्यांसोबत सामावून घेणं आणि पुढे रेफर करणं हे सगळं सेविकेच्या कामात येतं. तुमच्या अंगणवाडी ताईंना त्याचं ट्रेनिंग झालंय का विचारा, नसेल तर सुपरवायझर मॅडमना सांगा. पुढे पहिलीच्या वेळी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के कोट्यात दिव्यांग मुलं येतात, ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही, आणि प्रवेशाच्या वेळी मुलाची मुलाखत किंवा चाचणी घ्यायला आरटीईत बंदी आहे.

पैशाचं: ऑटिझमचं किंवा बौद्धिक दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आलं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय पॉलिसी काढा, १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा, आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत आणि थेरपीचा खर्च ठरावीक मर्यादेत त्यात बसतो. म्हणून आतापासून प्रत्येक पावती जपून ठेवायची सवय लावा. नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, तिथेही अर्ज टाका, कित्येक ठिकाणी हा पैसा कुणी मागत नाही म्हणून पडून राहतो.

एक फाईल करा. बाळंतपणाचा डिस्चार्ज पेपर, माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे केस पेपर, मुलाचे मोबाईलवरचे छोटे व्हिडिओ तारखेसकट, आणि शिक्क्याच्या प्रती.

अर्ज देऊन महिना झाला आणि दवाखान्याकडून काहीच हाललं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, शाळेविरुद्ध पण तिथेच. कलम ८० खाली ते चौकशी करतात, साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं असे दिवाणी कोर्टासारखे अधिकार त्यांना आहेत, आणि त्यांनी शिफारस केली की काय कारवाई केली हे संबंधित खात्याला ३ महिन्यांत कळवावं लागतं. त्याला वकील लागतोच असं नाही. तरी हवा असेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १५१०० ला फोन केला तरी रस्ता सांगतात.

पहिला अर्ज या आठवड्यात द्या. आवक नंबर मिळाला की मला कळवा, महिन्याने आयुक्तांकडे जायची वेळ आली तर तो मसुदा मी करून देते.