थंड पाण्यात मुरवलेला चहा: पान कोणतं, वेळ किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातली नेहमीची चहापूड उकळून, गाळून फ्रिजमध्ये ठेवली, तर चहा गढूळ आणि तुरट झाला. दार्जिलिंग आणि सेंचा (जपानी हिरवा चहा) अशी भेट आलेली दोन पाकिटं नुसती पडून आहेत, ती थंड पाण्यात करून बघावीत का? आणि संध्याकाळी प्यायलं तर झोप उडेल का?

पाकिटं आजच फोडा. बहुतेक पान चहा ठेवून ठेवून चांगला होत नाही, त्यातही सेंचाचा ताजेपणा तर फारच लवकर जातो.

आधी गढूळपणाचं. गरम चहात कॅफीन आणि चहाला लालसर रंग देणारी पॉलिफेनॉल्स नीट विरघळलेली असतात. चहा गार झाला की ती एकमेकांना चिकटतात आणि सगळा पेला धुरकट दिसू लागतो. चहा चाखणारे लोक याला 'क्रीमिंग' म्हणतात आणि आसामच्या चहात तो जोर असल्याची खूण मानतात. पेल्यात थोडं उकळतं पाणी ओतलंत तर तो पुन्हा स्वच्छ होईल, म्हणजे बिघडलेलं काहीच नाही. फक्त तुम्ही ज्या कामाला ती पूड वापरलीत, ते तिचं काम नव्हे. आपल्याकडे घरोघरी असते ती सीटीसी, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळून केलेले दाणे. ही यंत्रं १९३० च्या दशकात आसामात आली. त्या दाण्यांतून रंग आणि कडकपणा काही मिनिटांत बाहेर पडतो, दूध-साखरेला पुरून उरतो. अमृततुल्यवाल्याचं सगळं गणित त्यावर आहे. गार पाण्यात मात्र त्याच दाण्यांचा रंग दणकून येतो आणि चव बोथट लागते.

गार पाण्याचा खेळ वेगळा आहे. पानातली गोडसर चव देणारी अमिनो आम्लं, त्यातही थिअनीन, थंड पाण्यातसुद्धा सहज उतरतात. कडू-तुरट कॅटेचिन्स आणि कॅफीन उकळत्या पाण्यात भराभर सुटतात, गार पाण्यात रेंगाळतात. म्हणून इथे चहा निवडायचा तो जोर बघून नाही, गोडवा आणि वास बघून. दुधाच्या चहात ज्याला आपण 'पाणचट' म्हणून नाक मुरडू, असं पान इथे बाजी मारतं.

कृतीत लपवण्यासारखं काही नाही. काचेची किंवा स्टीलची झाकणाची बाटली, एक लिटर पाणी, १० ग्रॅम पान. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर वापराच, कारण चमच्याचा भरवसा नाही. दार्जिलिंगचं पान फुगीर असतं, तेवढ्या वजनाला चहाचे चार-पाच चमचे लागतात. घट्ट वळलेल्या ऊलाँगचे (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) तीन चमचेही पुष्कळ होतात. झाकण लावायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, वेळ झाली की गाळायचं. गाळताना पान दाबून पिळू नका, जो तुरटपणा टाळायला एवढी वाट पाहिली तोच शेवटच्या घोटात येतो. आणि गाळल्यावर पान बाटलीत ठेवू नका.

दार्जिलिंगच्या पाकिटावर 'फर्स्ट फ्लश' लिहिलंय की 'सेकंड फ्लश' ते बघा. पहिली तोड मार्च-एप्रिलची. नाव काळ्या चहाचं असलं तरी पान बरंच हिरवट असतं, आणि थंड पाण्यात त्याचा फुलांसारखा वास जसा येतो तसा उकळत्या पाण्यात येत नाही, असं माझं ठाम मत आहे. सहा ते आठ तास द्या. दुसरी तोड मे-जूनची, तिच्यात 'मस्कटेल' म्हणतात तो पिकल्या द्राक्षांचा गंध असतो. त्यामागची गंमत अशी की हा गंध यायला तुडतुड्यांचाही हात लागतो. हो, कापसाचे शेतकरी ज्यांच्या नावाने बोटं मोडतात त्यांच्याच जातभाईंचा. किडा पानातला रस शोषतो, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि ती पानात राहतात. तैवानमध्ये 'ओरिएंटल ब्यूटी' नावाचा ऊलाँग याच कारणाने महाग विकला जातो, आणि तो थंड पाण्यात अप्रतिम लागतो. दुसऱ्या तोडीला आठ-दहा तास. पाकीट पुन्हा विकत घ्यायची वेळ आली तर हातात चहाची पानं धरलेल्या स्त्रीचं गोल चिन्ह त्यावर आहे का ते पाहा. दार्जिलिंग हे भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन (२००४-०५), आणि त्या नावाने काहीही खपवणारे कमी नाहीत.

सेंचाचं तंत्र थोडं निराळं. जपानी लोक हिरवं पान वाफवतात, चिनी बहुतेक कढईत परततात. वाफवलेलं पान नाजूक असतं, त्याचा चुरा लवकर होतो. त्यामुळे तीन-चार तास पुरतात, रात्रभर ठेवलंत तर गवताळ लागेल. रंग हिरवागार आणि किंचित धुरकट येईल, तो तसाच यायला हवा. जपानात या पद्धतीला 'मिझुदाशी' म्हणतात आणि उन्हाळ्यात ती सर्रास वापरतात. याच्याही पुढची पायरी म्हणजे बर्फाचा चहा: छोट्या भांड्यात पाच ग्रॅम पान, वर मूठभर बर्फ, आणि बर्फ आपोआप वितळेपर्यंत गप्प बसायचं. हाती येतात चार घोट. पण ते इतके दाट आणि गोडसर-खारट असतात की पहिल्यांदा पिणारा 'यात काय घातलंय?' म्हणून विचारतोच. ग्योकुरो या पानासाठी ही पद्धत खास मानतात. तोडणीआधी सुमारे वीस दिवस झाडांवर सावली धरतात, त्यामुळे थिअनीन पानात टिकून राहतं. ग्योकुरो महाग असतो, तुमच्या सेंचावर आधी करून बघा.

बाकीच्यांचं भराभर सांगतो. गोळीदार ऊलाँग उलगडायला वेळ घेतो, आधी उकळत्या पाण्याचा एक झटपट हबका मारून ते पाणी फेकून द्या आणि मग थंड पाण्यात दहा तास ठेवा. पांढरा चहा (नुसत्या कळ्यांचा 'सिल्व्हर नीडल') बारा तास निवांत राहू दे, तो कडवट होणं अवघडच. नीलगिरीचा पान चहा आपल्याकडे उगाच दुर्लक्षित आहे. तो गार झाल्यावरही बऱ्यापैकी स्वच्छ राहतो, म्हणून गरम करून बर्फावर ओतायलाही तोच घ्या: पान दुप्पट, पाणी निम्मं, तीन मिनिटं, आणि थेट बर्फाने भरलेल्या पेल्यात. पाहुणे दारात असताना हा एकच मार्ग. कुन्नूर-कोटागिरीकडे हिवाळ्यातल्या थंडीत तोडलेला 'फ्रॉस्ट टी' मिळाला तर सोडू नका. मसाला चहा मात्र थंड पाण्यात करायच्या फंदात पडू नका. आलं-वेलची उकळीशिवाय नीट उतरत नाही, आणि दूध तर यात चालतच नाही.

पाण्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण निम्मे लोक इथेच अडतात आणि दोष पानाला देतात. बोअरच्या जड पाण्यात चहा काळपट, मळकट होतो आणि वास मरतो. मराठवाड्या-विदर्भातल्या बऱ्याच घरांत हीच रड आहे. फिल्टरचं हलकं पाणी घ्या. तेही नसेल तर उकळून, निवळून, गार केलेलं चालेल. उकळण्याचा दुसरा फायदा असा की या पद्धतीत पुढे कुठेच उष्णता नाही, म्हणजे पाण्यातले जंतू मारायला काही उरत नाही. त्याच कारणासाठी उन्हात बरणी ठेवून करायचा 'सन टी' करू नका. बरणीतलं पाणी कोमट-ऊन होतं, जंतूंना मानवेल इतकंच. अकोल्यात मे महिन्यात गच्चीवर ठेवलं तरी ते उकळणार नाही. फ्रिजमध्येच मुरवा, गाळल्यावर दोन दिवसांत संपवा.

साखर गार पाण्यात तळाशी बसते. हवीच असेल तर खडीसाखरेचा पातळ पाक करून ठेवा, पण पहिला पेला बिनसाखरेचा प्या. लिंबाचे दोन थेंब दार्जिलिंगच्या दुसऱ्या तोडीत चालतात. सेंचात लिंबू घालणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला तो पेला देत नाही इतकंच.

झोपेचं: थंड पाण्यात कॅफीन कमी उतरतं, शून्य होत नाही, आणि जितका जास्त वेळ ठेवाल तितकं वाढतं. ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी चारनंतर न पिणं बरं. त्यांच्यासाठी कॅफीन नसलेले प्रकार घरात ठेवा. लाल अंबाडीची सुकवलेली बोंडं थंड पाण्यात चार-पाच तासांत गडद लाल, आंबट सरबत देतात. गवती चहाची पाती बत्त्याने ठेचून, गाठ मारून टाकली तर रात्रभरात पुरेशी उतरते. गोकर्णाची फुलं चवीला जवळजवळ काहीच देत नाहीत, पण निळ्या पाण्यात लिंबू पिळल्यावर ते जांभळं होतं म्हणून पोरांना आवडतं.

आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे जपान-कोरियात उन्हाळाभर पितात तो भाजलेल्या जवाचा चहा. जव कोरड्या कढईत मंद आचेवर कॉफीच्या रंगाचे होईपर्यंत हलवत भाजा, लिटरला तीन चमचे घ्या. हा एक मात्र आधी दहा-पंधरा मिनिटं उकळावा लागतो, कारण अख्खा दाणा थंड पाण्याला दाद देत नाही. गार करून बाटलीत भरा. भाजलेले जव डब्यात घट्ट बंद करून ठेवले तर महिनाभर वास टिकतो.