वाचकांचे प्रश्न : ऑपेरातला गळा आणि ब्रॉडवेचे आठ प्रयोग

प्रश्न : ऑपेरा गाजवलेल्या गायकाला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरची संगीत नाटकं सोपी जात असतील ना?

उत्तर : नाही. अडचण सुरांची नसते, आठवड्याच्या हिशेबाची असते. ऑपेरातला मोठा गायक आठवड्याला दोन, फार तर तीन प्रयोग करतो आणि मध्ये गळ्याला विश्रांती देतो. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग, म्हणजे काही दिवशी दुपारी एक आणि रात्री एक.

एझिओ पिन्झाचं उदाहरण घ्या. हा इटालियन बास (पुरुषांचा सर्वांत खालचा आवाज) गायक १९२६ ते १९४८ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायला. मोझार्टच्या त्याच नावाच्या ऑपेरातला नायक डॉन जिओव्हानी ही त्याची हुकमी भूमिका. एप्रिल १९४९मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी, तो ब्रॉडवेच्या ‘साउथ पॅसिफिक’ या संगीत नाटकात फ्रेंच मळेवाला म्हणून उभा राहिला. एका प्रयोगात १५ मिनिटांपेक्षा जास्त गायचं नाही, अशी अट त्याच्या करारातच होती. शहाणी अट! नायिका मेरी मार्टिनला त्या आवाजाशेजारी गायची धास्ती वाटत होती, म्हणून सुरुवातीच्या प्रवेशात दोघं एकत्र न गाता आळीपाळीने मनातलं गातात. १९५०मध्ये पिन्झाला ब्रॉडवेचं मानाचं टोनी पारितोषिक मिळालं.

प्रश्न : ऑपेराची तयारी नाटकात कुठे आड येते?

उत्तर : शब्दांत. ऑपेरातल्या पुरुषी आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास धार येते. तिथे वाद्यवृंदाचा जोर कमी असल्याने माइकशिवायही गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. त्यासाठी घसा मोकळा, स्वर गोल ठेवावे लागतात आणि शब्द अस्पष्ट होतात. नाटकात हे चालत नाही. तिथे स्वर बोलण्याच्या जवळ आणायचे, आवाज लहान करायचा. पण श्वासाचा आधार तोच ठेवायचा. बहुतेकजण आवाजाबरोबर श्वासही सोडून देतात, मग सूर उतरतो.

दुसरा धोका गद्याचा. भारदस्त वाटावं म्हणून बास गायक तळाच्या सुरात, घसा दाबून संवाद म्हणतात. मध्यंतरापर्यंत आवाज खरखरतो. सहज तळापेक्षा तीन-चार सूर वर बोलावं. गद्यातून पदात शिरताना सूर हुडकावा लागत नाही, हा आणखी एक फायदा. आपल्या संगीत नाटकांतही हे लागू आहे.

प्रश्न : नोटेशन, म्हणजे लिहिलेली स्वरलिपी, वाचता येत नसेल तर?

उत्तर : पिन्झालाही वाचता येत नव्हतं, पियानोवर ऐकून तो भूमिका बसवायचा. मात्र त्यासाठी साथीदार आणि भरपूर वेळ हवा. नवख्याला दोन्ही मिळत नाहीत, तेव्हा शिकून घ्या.