चिनी कंपनीत परदेशी माणसाला नोकरी झेपते का?

शेनझेनमधून ऑफर आली आहे, जाऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी मूळचा पुण्याचा. आधी चाकणला होतो, मग 2017 ते 2020 शेनझेनच्या नानशान भागात एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत. त्यावरून सांगतो.

पहिल्या दिवशी जेवून वर आलो तर मजल्यावरचे दिवे बंद! टेबलांखालून घडीच्या खाटा निघाल्या होत्या आणि मॅनेजरसकट सगळे झोपलेले. आपल्याकडे दुपारची झोप घरची, तिथे ती ऑफिसच्या वेळापत्रकात असते. मला हे फार आवडलं.

पण दिवस मग लांबतो. संध्याकाळचं जेवण कॅन्टीनमध्येच, आणि परत जागेवर. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, याला तिथे 996 म्हणतात. कायद्यात दिवसाला 8 तास काम आणि महिन्याला जास्तीत जास्त 36 तास ओव्हरटाइम आहे. पुढे, मी परतल्यावर, 2021 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही 996 बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. माझ्या वेळी आमच्या टीममध्ये मात्र साहेब उठल्याशिवाय कोणी उठत नसे. काम संपलेलं असलं तरी.

घरी गेल्यावर वीचॅट, म्हणजे तिथलं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप. रात्री अकराला साहेबांचा मेसेज आला की खाली ओळीने सगळ्यांचं 'शौ-दाव', म्हणजे 'मिळालं'. मला वेगळं काही सांगायचं नसायचं म्हणून मी गप्प राहायचो. शेजारच्या ली गोंगने (गोंग म्हणजे इंजिनिअर, आडनावाला जोडून हाक मारतात) एकदा बाजूला घेऊन सांगितलं, ‘तू लिहीत नाहीस, त्याचा अर्थ तुला पर्वा नाही असा घेतात.’ मीटिंगमध्ये 'येनज्यू येनज्यू', अभ्यास करून बघू, असं ऐकलं की तो बहुतेक वेळा नकार असतो, हेही त्यानेच समजावलं.

सुट्ट्यांचं गणित मात्र मी स्वतः पैसे घालवून शिकलो. एक ऑक्टोबरपासूनची, राष्ट्रीय दिनाची सात दिवसांची सुट्टी सगळी फुकट नसते, काही दिवस शनिवार-रविवारी काम करून भरून द्यावे लागतात. त्याला थियाओ-श्यू म्हणतात. 2018 साली 29 आणि 30 सप्टेंबर, शनिवार-रविवार, दोन्ही कामाचे दिवस होते. मी शुक्रवारी रात्रीच गुइलिनला निघून गेलो होतो. कंपनीने दोन दिवसांचा पगार कापला. नव्या परदेशी माणसाला आधी एका शब्दाने सांगायला हवं होतं, हे मला आजही वाटतं.

तरीही तीन वर्षं राहिलो ते माणसांमुळे. मला ताप आला तेव्हा ली गोंग अर्धा दिवस रजा टाकून दवाखान्यात आला. मशीनवरून नंबर काढला, डॉक्टरांचं बोलणं एकेक वाक्य थांबून मला सांगितलं, आणि रात्री पेज घेऊन दारात उभा. त्याबद्दल पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही.

तेव्हा सही करण्याआधी पगाराइतकंच बारकाईने हे विचारा: आठवड्याला दोन सुट्ट्या (श्वांग-श्यू) आहेत, एक आहे, की आलटून-पालटून? आणि तुमची एकूण नोकरी एक वर्ष पूर्ण झालेली पण दहा वर्षांच्या आत असेल तर कायद्याने पगारी रजा वर्षाला फक्त 5 दिवस मिळते. दिवाळीला घरी यायचं असेल तर जास्तीचे दिवस आत्ताच करारात लिहून घ्या. तोंडी 'हो, बघू' वर विसंबू नका.