बिलिंगच्या करारात काय लिहावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या एका क्लिनिकचं मेडिकल बिलिंग (उपचाराचे पैसे विमा कंपन्यांकडून मागण्याचं काम) आम्ही पुण्यातून घेतोय. फी वसुलीच्या टक्केवारीवर ठरतेय. करारात काय असावं?

उत्तर : आधी ‘वसुली’त काय धरायचं ते लिहा. फक्त विमा कंपनीचे पैसे, की पेशंटने स्वतःच्या वाट्याचा म्हणून काउंटरवर भरलेला को-पेसुद्धा? भांडणं इथेच होतात. विमा कंपनीने दिलेले पैसे परत मागितले, तर त्यावरची फी पुढच्या बिलातून वजा होईल, हेही घाला. क्लिनिक न्यूयॉर्क राज्यात असेल तर टक्केवारी विसरा. तिथे ती डॉक्टरच्या फीची बेकायदा वाटणी ठरते आणि अडचणीत डॉक्टरच येतात. महिन्याची ठरावीक रक्कम किंवा प्रति क्लेम दर घ्या.

मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा अमेरिकी सरकारी विमा) पैसे थेट डॉक्टरांच्या खात्यात जावेत, तुमच्या नव्हे. मेडिकेअरचा क्लेम उपचारापासून १ वर्षात गेला नाही तर पैसे बुडाले. म्हणून क्लिनिकने कागद किती दिवसांत द्यायचे ते बांधून घ्या, ३ दिवस पुरेत. हिपाच्या (पेशंटची माहिती जपण्याचा अमेरिकी कायदा) बिझनेस असोसिएट करारावर, म्हणजे ती माहिती हाताळणाऱ्या बाहेरच्या कंपनीशी करायच्या करारावर, पहिली फाइल उघडण्याआधीच सही हवी. काम भारतात होणार हे स्पष्ट लिहा, काही राज्यांच्या मेडिकेडला (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी विमा) ते चालत नाही.

करार संपल्यावरही जुन्या क्लेमचे पैसे येत राहतात. त्यावर ९० दिवस तुमची फी, हे आत्ताच ठरवा.