एक वर्षाच्या मास्टर्ससाठी परदेशी जाताना नवरा आणि मुलीला सोबत नेता येतं का?

तुम्ही ऐरोलीत राहता, मँचेस्टरला एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय, नवरा आणि चार वर्षांच्या मुलीला सोबत न्यायचंय, जमलं तर सासूबाईंनाही. आणि कन्सल्टंट म्हणतोय, "आधी डिपॉझिट भरा, फॅमिलीचं पुढे बघू." ताई, ते डिपॉझिट इतक्यात भरू नका.

ब्रिटनने हा दरवाजा जवळजवळ बंद केलाय. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्सेसना नवरा-बायको-मुलांना डिपेंडंट म्हणून, म्हणजे विद्यार्थ्याच्या व्हिसाच्या आधारे सोबत, नेता येतं ते फक्त पीएचडी किंवा संशोधनावर आधारलेली पदव्युत्तर पदवी करणाऱ्यांना, नाहीतर सरकारी शिष्यवृत्तीवर सहा महिन्यांहून मोठा कोर्स करणाऱ्यांना. वर्गात शिकवली जाणारी साधी एमएस्सी यात बसत नाही. "कोर्स संपला की ग्रॅज्युएट व्हिसावर बोलवून घ्या" असं कोणी सांगितलं तर तेही खोटं आहे. ग्रॅज्युएट व्हिसा म्हणजे शिकून झाल्यावर तिथे नोकरीसाठी राहू देणारा व्हिसा. जो जोडीदार किंवा मूल तुमच्या स्टुडंट व्हिसावर आधीच डिपेंडंट असेल, त्यालाच ग्रॅज्युएट व्हिसावर पुढे राहता येतं. म्हणजे तुमच्या बाबतीत वर्षभर मुलगी इथे, तुम्ही तिथे. मध्ये फार तर ते दोघं व्हिजिटर व्हिसावर येतील. त्यावर नवऱ्याला नोकरी करता येत नाही आणि मुलीची शाळाही होत नाही.

मी हे तावातावाने लिहितोय, कारण मी स्वतः डिपेंडंट होतो. बायकोने मेलबर्नला मास्टर्स केलं, मी वागळे इस्टेटमधली नोकरी सोडून लहान मुलाला घेऊन तिच्यासोबत गेलो. कन्सल्टंट नेहमी शिकणाऱ्याचा विचार करतात. सोबत जाणाऱ्याचा दिवस कसा जाणार, हे कोणी विचारत नाही, आणि संसार त्याच्यावरच चालतो. ऑस्ट्रेलियात मास्टर्स करणाऱ्याच्या जोडीदाराला कोर्स सुरू झाल्यावर कितीही तास काम करता येतं. बॅचलर्स असेल तर पंधरवड्याला ४८ तास. आमचं घर चाललं ते त्या सवलतीमुळे. तरी कसं? मी वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करायचो, सकाळी घरी पोचलो की बायको बॅग खांद्याला लावून दारातच उभी असायची, मुलाचा डबा माझ्या हातात देऊन ट्रामसाठी पळायची. पाळणाघर होतं, पण तिथली सरकारी सबसिडी तात्पुरत्या व्हिसावाल्यांना नसते, पूर्ण फी आपली. म्हणून आठवड्यातले मोजकेच दिवस मुलाला तिथे ठेवायचो, बाकीचे दिवस मी त्याच्या शेजारीच झोप काढायचो. तुमच्या नवऱ्याला हे आधी नीट सांगा आणि त्याचं उत्तर ऐका. तो मनापासून "चालेल" म्हणाला तरच पुढे जा.

ऑस्ट्रेलियाचा विचार केलात तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: नवरा आणि मुलगी लगेच येणार नसले तरी पहिल्याच अर्जात त्यांची नावं लिहायची. नाही लिहिली तर नंतर त्यांना डिपेंडंट म्हणून बोलावता येत नाही. पैसे दाखवायचे तर मे २०२४ पासून वर्षाच्या खर्चापोटी विद्यार्थ्याचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर, जोडीदाराचे १०,३९४ आणि मुलाचे ४,४४९ धरतात. ट्यूशन फी आणि विमानाचं भाडं वेगळं. सगळ्यांचा आरोग्य विमाही घ्यावा लागतो.

अमेरिकेत विद्यार्थ्याच्या कुटुंबासाठी असलेल्या एफ-२ व्हिसावर नवरा-मुलगी येऊ शकतात, मुलगी शाळेत जाऊ शकते, पण नवऱ्याला एक तासही नोकरी करता येत नाही. कमावत्या माणसाला दोन वर्षं घरी बसवणं सोपं नसतं. कॅनडाने जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचं वर्क परमिट पीएचडी, किमान १६ महिन्यांचं मास्टर्स आणि काही ठरावीक व्यावसायिक कोर्सेसपुरतं ठेवलंय. म्हणजे तिथेही एक वर्षाचा कोर्स उपयोगाचा नाही.

देश कुठलाही ठरो, कागदपत्रं आजच काढायला घ्या, खरा वेळ त्यातच जातो. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. गुरुजी गावचे असतील तर आताच फोन करा. मुलीचा जन्मदाखला जिथे जन्म झाला तिथला असतो. बाळंतपण माहेरी ठाण्यात झालं असेल तर ठाणे महापालिकेत जावं लागेल, नवी मुंबईत नाही. दाखला हातात घेऊन नावाचा रकाना बघा. जन्माची नोंद बारशाआधीच होते, त्यामुळे पुष्कळ दाखल्यांत तो रकाना कोराच असतो. नाव नंतर घालता येतं, पण हेलपाटे होतात.

आणि आपल्याकडचा नेहमीचा घोळ नावांचा. डिग्रीवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. आधारवर सासरचं, मधे नवऱ्याचं. आणि मुलीच्या दाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव. पासपोर्टवर जे नाव आहे तेच धरून बाकीचे कागद जुळवा. जिथे जुळत नाहीत तिथे दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

सासूबाईंचं म्हणाल, तर वर सांगितलेल्या कुठल्याच देशात विद्यार्थ्याचे आईवडील किंवा सासूसासरे डिपेंडंट म्हणून जात नाहीत. त्या व्हिजिटर व्हिसावर भेटायला येऊ शकतात. पण नातीला सांभाळायला वर्षभर त्या असतील, असं गृहीत धरून काहीही ठरवू नका.

आता कन्सल्टंटला ईमेलवर एकच प्रश्न विचारा: "या कोर्सवर माझ्या नवऱ्याला आणि मुलीला डिपेंडंट व्हिसा मिळतो का, आणि हे कुठल्या नियमात लिहिलंय?" उत्तर लेखी मागा. मग ते त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर स्वतः वाचून ताडून बघा.