प्युरिटन लोकांना (सोळाव्या-सतराव्या शतकातले कडवे इंग्रज प्रोटेस्टंट ख्रिश्चन) प्रत्येक संकटात देवाची शिक्षाच का दिसायची?

कारण त्यांच्या लेखी योगायोग नावाची गोष्टच नव्हती; जे घडतं ते देवच घडवतो. पहिला माणूस आदम, त्याच्या पापामुळे प्रत्येक माणूस जन्मतःच दोषी आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, फक्त देवाच्या कृपेने. पुण्य साठवून ते मिळत नाही. (आपल्या कर्मफळाशी याची गल्लत करू नका.)

मेरी रोलँडसन या प्युरिटन बाईचंच बघा. १६७६ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या लँकेस्टर गावावर मूळनिवासी योद्ध्यांनी हल्ला केला आणि तिला धरून नेलं. सहा वर्षांची जखमी लेक कैदेतच दगावली. सुटका अकरा आठवड्यांनी. १६८२ साली छापलेल्या आपल्या कहाणीत ती दोष स्वतःलाच देते: देवाचे किती रविवार मी वाया घालवले! वाचताना गलबलून येतं. पण तिच्यासाठी हा मार बापाने लेकराला लावलेली शिस्त होता, देवाने आपल्याला टाकलं नसल्याची खूण.